शाळेच्या डब्याचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांच्या डब्यात काय चालते, काय चालत नाही आणि का, याबद्दल पालक आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. नियम शाळेगणिक बदलतात, त्यामागची कारणे फारशी बदलत नाहीत. म्हणून भर कारणांवर दिला आहे.

डबा घरचा, पोर घरचे. मग शाळा त्यात का पडते?

कारण डबा उघडतो तेव्हा आजूबाजूला तीस-चाळीस मुले बसलेली असतात आणि त्या वेळी जबाबदारी शाळेची असते.

डब्याचे नियम तीन प्रकारचे असतात. काही जिवाशी संबंधित असतात: ॲलर्जी आणि घशात घास अडकणे. काही अन्न बिघडण्याशी: किती वेळ, किती तापमान. आणि काही सवयींशी: गोड, खारट, तळलेले, शीतपेये. या तिन्हींना एकाच तराजूत तोलू नये. पहिल्या प्रकारच्या नियमाला सवलत नसते. दुसऱ्यात पालकांना पद्धत समजावून सांगितली की काम होते. तिसऱ्यात शाळेने सुचवावे आणि घराने ठरवावे. बहुतेक भांडणे होतात ती सूचनापत्रकात ‘शेंगदाणे’ आणि ‘चॉकलेट’ एकाच ओळीत छापल्यामुळे. पालक दोन्हींना सारखेच हलके धरतात, किंवा शिक्षक दोन्हींवर सारखेच रागावतात.

हे नियम कायद्याने बंधनकारक असतात का?

देशानुसार आणि शाळेनुसार वेगळे असते. कायदे बहुतेक करून शाळेत विकल्या किंवा वाढल्या जाणाऱ्या अन्नाला लागू होतात. घरच्या डब्याचा नियम सहसा शाळेचा स्वतःचा असतो. तो लेखी मागून घ्या. तोंडी नियमाचे प्रत्येक वर्गात वेगळे रूप होते.

शेंगदाणे आणि सुकामेवा आणू नका, म्हणजे नेमके काय काय?

अख्खे दाणे तर नाहीतच. त्याशिवाय दाण्याचे कूट घातलेली भाजी किंवा कोशिंबीर, पीनट बटर, सुकामेव्याचे बार, म्यूस्ली, बदामाचे पीठ घातलेला केक, काजू वाटून घातलेला रस्सा, हेझलनट असलेले चॉकलेटचे स्प्रेड. चूक इथेच होते, कारण डब्यात ‘दाणा’ कुठे दिसत नाही.

शेंगदाणा हा वनस्पतिशास्त्राप्रमाणे वाटाणा-मसुराच्या कुळातला आहे. बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता झाडावरचे. म्हणून एकाची ॲलर्जी असलेल्या मुलाला दुसऱ्याची असेलच असे नाही. पण काही जोड्या बहुधा एकत्र येतात: काजू आणि पिस्ता, अक्रोड आणि पेकन (अक्रोडासारखाच सुकामेवा). शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना वाटाणा, मसूर, हरभरा चालतो. त्या मुलाला नेमके काय चालत नाही हे त्याच्या डॉक्टरांच्या कागदावर असते, आणि शाळेची यादी त्या कागदावरून व्हायला हवी.

तेलाबद्दल: चांगले रिफाइंड केलेल्या शेंगदाणा तेलात प्रथिने जवळजवळ उरत नाहीत आणि ॲलर्जी प्रथिनांमुळे होते. घाण्याच्या तेलात मात्र ती राहतात. डब्याकडे पाहून तेल कोणते ते शिक्षकांना कळत नाही, म्हणून बऱ्याच शाळा दोन्ही टाळायला सांगतात.

नारळ, तीळ, सूर्यफुलाच्या बिया?

नारळाची ॲलर्जी क्वचित आढळते, त्यामुळे बहुतेक शाळा तो चालवून घेतात. तिळाची गोष्ट वेगळी आहे. तिळामुळे तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. युरोपीय संघाच्या सक्तीच्या १४ घटकांच्या यादीत तो आहे, आणि अमेरिकेत २०२३पासून वेष्टनावर जाहीर करणे सक्तीचे असलेला तो नववा घटक झाला. वर्गात तिळाची ॲलर्जी असलेले मूल असेल, तर पावावर लावलेले तीळ आणि वाटलेल्या तिळाची चटणी, दोन्ही यादीत नावानिशी यायला हवेत.

सूर्यफूल आणि भोपळ्याच्या बिया सहसा चालतात. मात्र सूर्यफुलाच्या बियांचे बटर दिसायला अगदी पीनट बटरसारखे असते. ते देणार असाल तर डब्यावर चिठ्ठी लावा, नाहीतर डबा अर्ध्यात थांबवला जाईल आणि मूल उपाशी राहील.

पाकिटावर ‘शेंगदाण्याचे अंश असू शकतात’ असे लिहिले आहे. द्यायचे का?

तो पदार्थ ज्या यंत्रावर किंवा कारखान्यात बनतो तिथे दाण्याचा पदार्थही बनतो आणि त्याचे अंश मिसळू शकतात, एवढेच ही ओळ सांगते. अनेक देशांत ती छापणे ऐच्छिक असते. म्हणजे ओळ नाही म्हणून पदार्थ निर्धोक ठरत नाही. ज्या मुलाला ॲलर्जी आहे त्याच्या स्वतःच्या डब्यात असा पदार्थ नकोच. बाकीच्या मुलांच्या डब्यात तो बहुतेक शाळा चालवतात. घटकांची यादी दर खरेदीला वाचा. वेष्टन तेच ठेवून आतली कृती बदललेली असू शकते.

ॲलर्जी नुसत्या वासाने होते का?

पीनट बटरच्या वासाने जीवघेणी प्रतिक्रिया येत नाही. वास ज्या कणांचा असतो त्यात ॲलर्जी करणारे प्रथिन नसते. पण दाणे भाजताना किंवा कुटताना उडालेली बारीक धूळ आणि मासे शिजताना निघणारी वाफ यांतून प्रथिने हवेत येतात, आणि त्यांचा त्रास होऊ शकतो. वर्गात कोणी स्वयंपाक करत नसल्यामुळे तिथला खरा धोका हात, बाक आणि देवाणघेवाण यांतून येतो.

हात कशाने धुतले याला इथे फार महत्त्व आहे. साबण आणि पाण्याने, किंवा ओल्या पुसणीने, दाण्याचे प्रथिन निघते. सॅनिटायझरने निघत नाही. त्याने जंतू मरतात, प्रथिन मात्र हातावर तसेच राहते आणि फक्त पसरते. नुसत्या पाण्यानेही पुरते निघत नाही. खाऊन झाल्यावर सगळ्या वर्गाने साबणाने हात धुणे आणि बाक साबणाच्या पाण्याने पुसणे हा नियम कोणत्याही बंदीपेक्षा जास्त उपयोगी पडतो. तो क्वचितच लिहिलेला आढळतो, हे खेदाचे आहे.

बंदी घातली की शाळा सुरक्षित झाली का?

नाही. यादीत नसलेला पदार्थही ॲलर्जी करू शकतो. दूध, अंडी, गहू, सोया, मासे, कोळंबी यांच्या ॲलर्जी काही कमी नाहीत, आणि दूध-गहू सगळ्या शाळेत बंद करणे शक्य नसते. शिवाय ‘आमच्याकडे दाणे नाहीत’ म्हटले की मोठ्यांचे लक्ष ढिले पडते. म्हणून बंदी असो वा नसो, पुढची तयारी हवीच.

ॲलर्जी असलेल्या प्रत्येक मुलाचा एक पानी लेखी आराखडा असावा: फोटो, काय चालत नाही, लक्षणे, औषध, कोणाला फोन करायचा. ॲड्रेनॅलिनचे पेन-इंजेक्शन (तीव्र ॲलर्जीत तातडीने टोचायचे, पेनसारखे तयार इंजेक्शन) मुलाच्या जवळपास, कुलूप नसलेल्या जागी, साध्या तापमानाला ठेवावे. फ्रिजमध्ये नाही, उन्हातही नाही. साधारण १५ ते ३० किलो वजनाच्या मुलाला ०.१५ मिलीग्रॅमचे आणि त्यापुढे ०.३ मिलीग्रॅमचे पेन दिले जाते. मुलाचे पेन कोणते ते डॉक्टर ठरवतात. मूल मोठे होत जाते तसे पेनही बदलावे लागते, त्यामुळे दर सत्राच्या सुरुवातीला वजन आणि मुदतीची तारीख दोन्ही पाहा.

अंगावर पित्त उठणे, ओठ सुजणे, उलटी अशी सुरुवात होऊन श्वासाला घरघर, आवाज बसणे, गळून जाणे असे दिसले, तर ॲलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नये. पेन लगेच मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचावे, कपड्यावरूनही चालते. मुलाला आडवे करून पाय उंच ठेवावेत; श्वास घ्यायला त्रास असेल तर बसते ठेवावे. उभे करू नये, चालवू नये. ‘चल, आपण खाली डॉक्टरांकडे जाऊ’ म्हणत मुलाला जिने उतरवणे ही चांगल्या हेतूने होणारी घातक चूक आहे. लगेच रुग्णवाहिका बोलवावी. ५ ते १५ मिनिटांत फरक नाही पडला, तर आराखड्याप्रमाणे दुसरा डोस द्यावा.

मुलांनी डबा वाटून खाऊ नये, हा नियम फार कोरडा नाही का?

वाटून खाण्यात आनंद आहे, हे खरेच. पण लहान वर्गात कोणाला काय चालते हे मुलांच्या लक्षात राहत नाही. पहिल्या काही इयत्तांत ‘आपला डबा आपण’ हाच नियम योग्य. मोठ्या मुलांना ‘देण्याआधी विचार, घेण्याआधी विचार’ असे शिकवता येते. ॲलर्जी असलेल्या मुलाला वेगळ्या कोपऱ्यात बसवू नका. त्याच्यासोबत त्याला चालणारे पदार्थ आणणारी दोन-चार मुले बसवा.

सकाळी भरलेला डबा दुपारपर्यंत टिकतो का?

पदार्थ कोणता, कसा भरला आणि डबा कुठे ठेवला, यावर अवलंबून आहे. जंतू भराभर वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान. शिजवलेले अन्न, दुधाचे पदार्थ, अंडी, मांस, चिरलेली फळे या पट्ट्यात दोन तासांपर्यंत राहिली तर चिंता नाही. दोन ते चार तासांत खाऊन टाकावीत, पुन्हा ठेवू नयेत. चार तासांनंतर टाकून द्यावीत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच सावध व्हावे. आता हिशेब करा: डबा सात वाजता भरला आणि सुट्टी साडेअकराला असली तर साडेचार तास होतात. म्हणजे बऱ्याच घरांत काही न काही उपाय करावाच लागतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते ते भाताकडे. तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूची बीजे असतात आणि ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. हे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. रात्रीचा भात सकाळी डब्यात द्यायचा असेल, तर रात्री शिजल्यावर पसरट भांड्यात काढून तासाभरात फ्रिजमध्ये जायला हवा, सकाळी वाफा निघेपर्यंत एकदाच गरम व्हायला हवा, आणि मग एकतर थर्मासमध्ये गरम किंवा बर्फाच्या पिशवीसोबत थंड जायला हवा. रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणी देऊनही निर्धोक होत नाही.

दुसरा जंतू आपल्या हातांवर आणि नाकात असतो, स्टॅफिलोकोकस. उकडलेले अंडे सोलताना, सँडविच रचताना तो अन्नात येतो. त्याचेही विष उष्णतेला दाद देत नाही. उपाय साधा आहे: डबा भरण्याआधी साबणाने हात धुणे, आणि बोटाला जखम असेल तर ती झाकणे.

याउलट अख्खी फळे, सुका पाव, बिस्किटे, भाजलेले धान्य, सुके चीज यांना वेळेची एवढी घाई नसते. थंड ठेवण्याची सोय नसेल तर डबा या गोष्टींभोवती बेता.

गरम अन्नासाठी थर्मास कसा वापरायचा?

आधी थर्मासमध्ये उकळते पाणी भरून झाकण लावून ५ ते १० मिनिटे ठेवा. ही पायरी गाळली की थंड भिंती अन्नातली उष्णता ओढून घेतात आणि अन्न दोन तासांत कोमट होते. अन्न वाफाळेपर्यंत, मधोमध ७५ अंशांच्या आसपास, गरम करा. पाणी ओतून लगेच अन्न भरा, शक्यतो काठोकाठ. रिकामी जागा जितकी जास्त, तितके अन्न लवकर निवते. झाकण लावले की खाईपर्यंत उघडू नका.

थर्मासवर ‘८ तास गरम’ छापलेले असते ते बहुधा पूर्ण भरलेल्या उकळत्या पाण्याचे असते, अर्ध्या भरलेल्या भाजीचे नाही. सुट्टीच्या दिवशी घरी भरून पाहा आणि शाळेइतक्या वेळाने स्वयंपाकाच्या तापमापीने मोजा. ६० अंशांच्या खाली आले असेल तर गरम जेवणासाठी त्या थर्मासवर भरवसा ठेवू नका.

आणखी एक अडचण मुले घरी सांगत नाहीत. आतली वाफ निवली की झाकण आत ओढले जाते आणि लहान हातांना ते उघडत नाही. मूल बिचारे दोनदा प्रयत्न करते आणि डबा तसाच परत आणते. घरी वाटते, जेवण आवडले नाही. झाकणाला हवा सोडणारे बटण असलेला थर्मास घ्या, आणि नसेल तर भरल्यावर अर्धा मिनिट थांबून झाकण लावा, फार आवळू नका. दोन-तीन तासांनी ते मुलाकडून घरीच उघडवून बघा.

आणि थंड ठेवायचे असेल तर?

जेलची पिशवी रात्रभर, म्हणजे निदान १२ तास, फ्रीझरमध्ये ठेवा. अन्नही आधी फ्रिजमध्ये थंड झालेले हवे. पिशवी थंडावा टिकवते, गरम अन्न थंड करण्याचे तिचे काम नाही. पिशवी डब्याच्या वर ठेवा, कारण थंड हवा खाली उतरते. पिशवी नसेल तर पाण्याची बाटली गोठवून चालते. ती पाऊण भागच भरा. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते.

दप्तर खिडकीपाशी उन्हात ठेवले तर हे सगळे वाया जाते. डबे कुठे ठेवायचे हे शाळेने ठरवून द्यावे.

द्राक्षे चिरून द्या, असा आग्रह का?

लहान मुलाच्या श्वासनलिकेला अख्खे द्राक्ष बुचासारखे नेमके बसते. गुळगुळीत, किंचित दबणारे आणि गोल असल्यामुळे ते खोकून निघत नाही. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी द्राक्षे, छोटे टोमॅटो, मोठ्या बेरी उभ्या चिरून चार फोडी करा. आडवे चिरले तर दोन छोट्या गोल चकत्या होतात आणि धोका तसाच राहतो. सॉसेजही आडव्या चकत्यांत नको, उभ्या पट्ट्या करून तुकडे करा.

कच्चे गाजर आणि कडक सफरचंद किसून किंवा वाफवून. अख्खे दाणे, बदाम, पॉपकॉर्न, कडक गोळ्या, च्युइंग गम, मार्शमेलो पाच वर्षांखाली अजिबात नकोत. पीनट बटर चालत असेल तिथे ते पातळ थरात. चमचाभर गोळा घशाला चिकटतो.

मुलांनी बसून खावे, पळताना किंवा हसवाहसवी करताना खाऊ नये, आणि जेवताना मोठे माणूस वर्गात हवे. गुदमरलेले मूल ओरडत नाही. एक वर्षावरील मूल खोकू शकत नसेल तर पाठीवर दोन खांद्यांच्या मधे पाच जोरकस थापा, मग पोटाला वर-आत असे पाच दाब, आळीपाळीने. घशात बोट घालून चाचपडू नये. अडकलेले आणखी आत जाते. हे प्रशिक्षण प्रत्यक्ष घेतलेला एक तरी माणूस प्रत्येक मजल्यावर असावा.

गोड पदार्थ पूर्ण बंद असावेत का?

आमच्या मते पूर्ण बंदी नको. बंदीने मुले लपवून आणतात आणि दुसऱ्याच्या डब्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात. ‘आठवड्यातून एक दिवस, लहान तुकडा’ असा नियम पाळला जातो.

आकडे मात्र माहीत असावेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५मध्ये सांगितले की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी १० टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक मुक्त साखरेतून (वरून घातलेली, तसेच मध, सिरप आणि रसातली साखर) यावेत, आणि ५ टक्क्यांखाली आले तर आणखी चांगले. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे साधारण ३७ ग्रॅम, ५ टक्के म्हणजे १९ ग्रॅम. फळांचा रस, अगदी ताजासुद्धा, मुक्त साखरेत मोजला जातो. अख्खे फळ नाही. रसाच्या २०० मिलीलिटरच्या खोक्यात सुमारे २० ग्रॅम साखर असते. म्हणजे ‘पौष्टिक’ म्हणून दिलेल्या एका खोक्यात ५ टक्क्यांची मर्यादा संपली.

पाकीट वाचताना लक्षात ठेवा की घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, मध अशी तीन-चार नावे वेगवेगळी विखुरलेली असतील तर त्यांची बेरीज पहिल्या घटकाइतकी होऊ शकते.

पेयांचे काय?

पाणी. साधे दूधही चालेल, थंड ठेवता आले तर. कॅफीनयुक्त एनर्जी ड्रिंकवर सरसकट बंदी योग्य आहे. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या हिशेबाप्रमाणे मुलांसाठी दिवसाला किलोमागे ३ मिलीग्रॅम कॅफीन ही मर्यादा धरतात. २५ किलोच्या मुलासाठी ७५ मिलीग्रॅम झाले, आणि अशा पेयाच्या २५० मिलीलिटरच्या एका कॅनमध्येच साधारण ८० मिलीग्रॅम असते.

मांस, मासे, अंडी किंवा उग्र वासाचे पदार्थ बंद करता येतात का?

ॲलर्जीसाठी एखादा पदार्थ थांबवणे समजण्यासारखे आहे, तेही ज्या वर्गात ते मूल आहे तिथे. ‘वास येतो’ किंवा ‘इतरांना आवडत नाही’ हे कारण पुरेसे नाही. डब्यातले अन्न मुलाच्या घराचे असते, आणि त्याला नाक मुरडले की मूल आपल्या घराबद्दल संकोचायला शिकते. वासाचा प्रश्न हवाबंद डबा आणि उघडी खिडकी यांनी सुटतो. ज्यांना आहाराच्या श्रद्धेमुळे वेगळे बसायचे आहे त्यांना तशी मोकळीक द्यावी. पण कोणाला उठवून लावू नये.

मधुमेह, सीलिएक (गव्हातले ग्लुटेन हे प्रथिन न चालण्याचा आजार) किंवा खाण्याच्या अडचणी असलेल्या मुलांना नियम लागू होतात का?

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाजवळ ग्लुकोजच्या गोळ्या किंवा रस नेहमी असायलाच हवा; ‘गोड बंद’ हा नियम त्याला लागू नाही. रक्तातील साखर ७० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की लगेच पचणारी साखर द्यावी लागते. वजनानुसार साधारण ९ ते १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. हे वर्गाच्या मध्यात, परीक्षेतसुद्धा, परवानगी न मागता करता यायला हवे.

सीलिएक असलेल्या मुलाला गव्हाचा चुरासुद्धा चालत नाही. ग्लुटेनमुक्त म्हणण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २० मिलीग्रॅम आहे, यावरून अंदाज यावा. त्याचा डबा वेगळ्या स्वच्छ कापडावर उघडावा.

काही मुले, विशेषतः स्वमग्न मुले, ठरावीक चार-पाच पदार्थच खातात. त्यांच्या डब्यात रोज तोच पांढरा पाव आणि तेच बिस्किट असेल. पालकांशी बोलून लेखी सवलत द्या आणि त्या डब्यावर वर्गात काहीही बोलू नका.

शिक्षकांनी डबे तपासावेत का? न चालणारा पदार्थ सापडला तर?

लहान वर्गात ॲलर्जीसाठी नजर टाकणे योग्य, झडती घेणे नाही. पदार्थ सापडला तर तो झाकून बाजूला ठेवा, मुलाला खायला दुसरे काही द्या, आणि पालकांना त्याच दिवशी निरोप पाठवा. पदार्थ टाकून देऊ नका. तो घरी परत गेला तर काय झाले ते पालकांना कळते. मुलाला वर्गासमोर विचारू नका. डबा सात वर्षांच्या मुलाने भरलेला नसतो, मग त्याचे उत्तर त्याच्याकडे का मागायचे? अशा वेळी मुलाला द्यायला शाळेत फळे आणि साधी बिस्किटे यांचा छोटा साठा असावा.

मूल डबा संपवत नाही. शाळेने सक्ती करावी का?

सक्ती नको. आधी वेळ बघा: हात धुणे, रांग, जागा मिळणे यात सुट्टी संपते. प्रत्यक्ष बसून खायला निदान २० मिनिटे मिळायला हवीत. खेळ जेवणाच्या आधी ठेवला तर मुले जास्त खातात असा अनेक शाळांचा अनुभव आहे. उरलेले अन्न डब्यातच घरी जाऊ द्या. किती आणि काय उरले यावरून उद्याचे प्रमाण ठरते.

डबा, बाटली, चमचा यांबद्दल काही नियम?

काच नको, टोकदार सुरी नको. झाकण मुलाला स्वतः उघडता यायला हवे. डबा आणि झाकण, दोन्हींवर नाव.

झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा. तिच्या खोबणीत रस्सा आणि दूध झिरपते, दोन-तीन दिवसांत काळे ठिपके दिसू लागतात ती बुरशी असते. रिंग बोथट काडीने उचला, खोबण जुन्या टूथब्रशने घासा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. बाटलीच्या स्ट्रॉलाही हेच लागू. डाग जात नसतील तर रिंग बदला.

वाढदिवसाला वर्गात खाऊ वाटता येतो का?

घरी केलेला केक सगळ्यात अडचणीचा, कारण त्यात काय आहे हे कोणालाच तपासता येत नाही. शाळा परवानगी देत असेल तर घटक छापलेला, बंद पाकिटातला पदार्थ आणा आणि दोन दिवस आधी कळवा, म्हणजे ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरी विचारता येईल. पेन्सिल किंवा वर्गासाठी पुस्तक हा सोपा पर्याय आहे.

नियम लिहायचेच असतील तर शाळेने कसे लिहावेत?

‘मुलांनी पौष्टिक डबा आणावा, अपायकारक पदार्थ आणू नयेत’ या वाक्यातून कोणालाच काही कळत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘दुसरीच्या वर्गात शेंगदाणा आणि काजूची तीव्र ॲलर्जी असलेले मूल आहे. या वर्गाच्या डब्यात दाणे, कूट, पीनट बटर, काजू आणि पिस्ता नकोत. चुकून दिले गेले तर शाळेला लगेच कळवा, कोणी रागावणार नाही. पर्याय: सूर्यफुलाच्या किंवा भोपळ्याच्या बिया, चिठ्ठीसह.’ यात कारण आहे, पदार्थांची नावे आहेत, चूक झाल्यावर काय करायचे ते आहे आणि पर्यायही आहे. मुलाचे नाव मात्र पालकांच्या संमतीशिवाय लिहू नये.

‘कोणी रागावणार नाही’ हे शब्द गाळू नका. रागाच्या भीतीने पालक चूक लपवतात, आणि इथे लपवलेली चूक महागात पडते.

यादी एका पानापेक्षा मोठी झाली तर ती वाचली जात नाही. दरवर्षी मुले बदलतात. ज्याच्यासाठी नियम केला ते मूल वरच्या वर्गात गेले की नियमही त्याच्यासोबत हलवा.

सहलीच्या दिवशी काय वेगळे?

फ्रिज नाही, हात धुवायला साबण असेलच असे नाही आणि जेवायला उशीर होतो. म्हणून शिजवलेला भात, अंडी, क्रीम त्या दिवशी टाळा. अख्खे फळ, सुका पाव, सुके चीज द्या. ओल्या पुसण्यांचे पाकीट गटप्रमुखाकडे असावे. ॲड्रेनॅलिनचे पेन त्या मुलाच्या गटासोबत चालणाऱ्या शिक्षकाच्या खांद्यावरच्या पिशवीत हवे, बसमध्ये राहिलेल्या प्रथमोपचार पेटीत नाही. निघण्याआधी पेन कोणाकडे आहे हे दोघा शिक्षकांनी एकमेकांना मोठ्याने सांगावे, आणि गट बदलले तर पुन्हा सांगावे.